पाळण्यातला फिल्टर

"अहो, तो फिल्टर बसवलात का?" ओयदिननं ताज्या नानच्या चवडीवर ओलसर पंचा पसरत विचारलं.

"बसवतो की," हमरोकूल म्हणाला आणि बसूनच राहिला.

जर्दाळूचा बहर उतरणीला लागला होता. अंगणभर पाकळ्या पडत होत्या. बऱ्याचशा गाडीच्या टपावर उतरल्या होत्या आणि त्या झटकायला त्याचा हात होत नव्हता. गाडी पांढरी होती, वयानं थोर होती, आणि तिला तो राजहंस म्हणायचा. वाटीतला चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचं, हा त्याचा नेम. तो कधी चुकला नाही. बाकीचे सगळे चुकले.

फिल्टर एर्गशनं दिला होता. एर्गश म्हणजे ओयदिनचा धाकटा भाऊ. बाजारामागं त्याची गाड्या दुरुस्त करायची टपरी होती. टपरी लहान होती, पण आवाज कारखान्याच्या मालकाचा होता.

"दाजी, तेल बदललं की फिल्टर बदलायचाच," त्यानं बजावलं होतं. "ताजा शोरबा खरकट्या वाडग्यात ओततं का कुणी?"

"पण त्यात नासतंय काय, एर्गश? पत्र्याचा डबा तर आहे. आमची किटली बघ. आजवर आतून घासली नाही, म्हणून तर चहाला चव आहे."

"अहो, डब्यात घड्या घातलेला कागद असतो! तेलातली धूळ, काजळी, लोखंडाचा चुरा, सगळं तो धरून ठेवतो. आणि एकदा भरला की भरला. मग डब्याला एक मागचं दार असतं, ते उघडतं, आणि तेल न गाळताच इंजिनात शिरतं. म्हणजे दळणात खडे. यंदा धुळीची वादळं किती झाली! आपल्याकडे तर तो लवकरच बदलायला हवा. तुम्ही शेवटचा कधी बदलला होता?"

हमरोकूलनं आठवून बघितलं. त्याला एक सुरेख दुपार आठवली, लेकीच्या, झुमरादच्या, लाल रिबिनी आठवल्या, नदीकाठी सळसळणारे चिनार आठवले. फिल्टर काही आठवला नाही.

"गाडी रडली की बदलू," तो म्हणाला.

"गाडी रडते तेव्हा फिल्टर नाही, इंजिन बदलावं लागतं, दाजी!" असं म्हणून एर्गशनं नवा फिल्टर धूळ लागू नये म्हणून पांढऱ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून मेहुण्याच्या ओंजळीत ठेवला. हमरोकूलनं तो अंगणातल्या लाकडी कट्ट्यावर ठेवला. त्यावरही पाकळ्या पडू लागल्या.

खरं तर ही वेळ स्वप्न बघायची नव्हती. लेक झुमराद घाटापलीकडे दिलेली. तिला पहिला मुलगा झाला होता. बाळाचा पहिला पाळणा आईच्या माहेराहून जातो आणि तो आजोबानंच दारात उतरवायचा असतो. आहेराची गाठोडी आणि पाहुणेमंडळी दुसऱ्या गाड्यांनी पुढं जाणार होती. पाळणा राजहंसाच्या टपावरून. पण झुमरादच्या सासूबाई, होसियतबाई, यांनी निरोप धाडला होता: "दुपारच्या नमाजाच्या आत पाळणा दारात आला तर आला. नाहीतर आम्ही शेजारणीचा आणून ठेवलाय." आणि झुमराद फोनवर अगदी हळू म्हणाली होती, "बाबा, उद्या तरी उशीर करू नका. सगळ्या जावांसमोर मला मान वर करता येणार नाही."

त्या एका वाक्यानं हमरोकूलच्या काळजाला घरं पडली. उद्या आपण वेळेवर पोचायचंच, असं त्यानं मनाशी घट्ट ठरवलं. आणि मग वेळेवर पोचल्यावर झुमराद कशी हसेल, ते डोळ्यांपुढं आणता आणता फिल्टर राहूनच गेला.

सकाळी पाळणा टपावर चढला. निळा, पिवळा, नक्षीचा, वर मखमली पडदा. सनोबर मावशी काठी टेकत त्याच्याभोवती फिरल्या. या ओयदिनच्या मावशी. गावातली सगळी बाळं यांच्याच हातून पहिल्यांदा पाळण्यात निजलेली. त्यामुळं मोठमोठे मिशीवाले बाप्येसुद्धा त्यांच्यासमोर बाळागत गप्प बसायचे.

"जावईबापू, पाळणा रिकामा आहे."

"मावशी, बाळ तिकडं आहे."

"ते कळतं मला. पण रिकामा पाळणा हलवू नये. घाटातून हा हिंदकळत जाणार. आत काहीतरी निजवायला हवं. स्वच्छ हवं, नवं हवं, आणि वजनदार."

"नान ठेवू?" ओयदिन म्हणाली.

"आहेराची नान मोडू नकोस. तुम्ही चहा घ्या, मी बघते." मावशी आत-बाहेर करून आल्या, चढायला तिवई मागितली, पडद्यात हात घालून काहीतरी निजवलं, पट्टे आवळले, आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून म्हणाल्या, "ओमीन. चला."

एर्गश मागच्या सीटवर मावशींशेजारी बसला आणि गाव ओलांडायच्या आत घोरायला लागला.

हमरोकूल गाडी अशी चालवत होता, की जणू टपावर काठोकाठ दुधाचं भांडं आहे. पाळणा हलता कामा नये. घाट सुरू झाला. दरीत धुकं कापसासारखं साठलं होतं, कडेच्या उतारावर रानटी ट्युलिपची लाल टिंबं, आणि वर बर्फ. मागं गाड्यांची रांग लागली. कुणीतरी कर्कश हॉर्न दिला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच.

"किती माया आहे बघ लोकांत," हमरोकूल गहिवरून म्हणाला. "पाळणा बघितला की मुबारकी देतात." आणि त्यानंही तीनदा हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढला, मग तो छातीवर ठेवला.

एक भलामोठा ट्रक शेजारून गेला. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडला.

"काय म्हणाला हो?" ओयदिननं विचारलं.

"आशीर्वाद दिला असेल."

"आशीर्वाद देताना मूठ दाखवतात?"

तेवढ्यात समोर एक लाल दिवा लागला. हमरोकूलला तो फार आवडायचा. छोटीशी किटली, तिच्या तोंडातून पडणारा एक थेंब. "बघ, किटली लागली," तो म्हणाला. "राजहंस म्हणतोय, चहा घ्या."

"हे गाडी सांगते?"

"मग? नेहमी सांगते. चढावर दमली की किटली लावते. आपण थांबून एक वाटी चहा घेतला की विझते. जनावरापेक्षा शहाणी आहे."

"आज नाही थांबायचं. दुपार व्हायच्या आत पोचायचंय."

म्हणून तो थांबला नाही. किटली तशीच लाल राहिली. थोड्या वेळानं इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. हमरोकूलनं कान दिला. त्याला वाटलं, झुमरादच्या दारात कुणीतरी डफ वाजवतंय आणि तो नाद डोंगर ओलांडून इथवर आलाय. तालही बरा होता. तो स्टीअरिंगवर बोटांनी ठेका धरणार, एवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठं पोचलात?"

हमरोकूलनं बाहेर बघितलं. सगळीकडं पांढरं. "ढगात, बाळ," तो खरं तेच बोलला.

 पलीकडून झुमरादचा रडवेला आवाज: "बाबा, इथं तो दुसरा पाळणा ओसरीत आणून ठेवलाय..." आणि फोन तुटला.

टकटक वाढली, तसा एर्गश खडबडून जागा झाला. "दाजी! थांबवा! आधी इंजिन बंद करा!"

"कशाला? किटली तर..."

"किटली नाही ती! तेलाचा डबा आहे! तेल पोचत नाही म्हणून बोंबलतोय तो!"

गाडी घाटातल्या झऱ्यापाशी, अरुंद रस्त्यातच थांबली. इंजिन बंद झालं आणि एवढी शांतता पसरली, की धुकं गवतावर टेकल्याचाही आवाज यावा. हमरोकूल खिन्न झाला. इतकी वर्षं आपल्याशी कुणीतरी चहाबद्दल बोलतंय असं वाटत होतं; ती हाक होती, आणि आपण ओठ पुसून पुढं जात होतो.

एर्गशनं झाकण उघडलं, पट्टी काढून तेल बघितलं. "तेल आहे. पातळीही ठीक. म्हणजे तुंबलाय तो फिल्टरच. नवा कुठाय? बसवलात ना?"

ओयदिननं नवऱ्याकडं बघितलं. हमरोकूलनं डोंगराकडं बघितलं.

"अगं बाई! म्हणजे नाही बसवला! निदान बरोबर तरी आणलात का?"

"कट्ट्यावर..." हमरोकूल म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर कट्टा आला, फडकं आलं, पाकळ्या आल्या. घर घाटाच्या पायथ्याच्याही पलीकडं राहिलं होतं.

"संपलं," एर्गश दगडावर बसला. "जुन्यावर पुढं गेलो तर इंजिन जाणार. परत गेलो तर दुपार जाणार."

ओयदिननं ओढणीचा पदर डोळ्यांना लावला. "पोरीचं तोंड राहणार नाही हो तिथं."

"कशाचा एवढा गोंधळ?" सनोबर मावशींनी काच खाली केली. "काय हरवलंय?"

"फिल्टर, मावशी," एर्गश म्हणाला. "एवढा, गोल, बुटका. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला."

मावशींनी जपमाळेचे मणी ओढले.  मग शांतपणे म्हणाल्या, "तो होय. तो झोपलाय."

"कुठं झोपलाय?"

मावशींनी काठीनं टप दाखवला.

"मला वाटलं, मामानं भाचीच्या बाळासाठी हलव्याचा डबा दिलाय. गुटगुटीत होता, नवा होता, फडक्यात होता. आणखी काय हवं?"

एर्गश हसत हसत टपाकडं धावला, पण मावशींची काठी आडवी आली. "थांब! त्याला उचललास तर पाळणा रिकामा होईल. आधी बदली दे."

"मावशी, उशीर होतोय!"

"उशिरानं कुणाचं वाईट होत नाही. रीत मोडून होतं."

"हा जुना फिल्टर ठेवू आत?"

"तो काळाकुट्ट? बाळाच्या गादीवर?" ओयदिन किंचाळली.

मागं अडकलेल्या गाड्यांतून एक छोटी कांद्याची गाडी कशीबशी पुढं आली. तिचा ड्रायव्हर तुर्दी खाली उतरला तो तोंड सोडूनच. "ओ आजोबा! तुमच्या मागं दाढी वाढली माझी! हॉर्न ऐकू येत नाहीत?" मग त्याची नजर पाळण्यावर गेली आणि टोपी आपोआप सरळ झाली. "पाळणा आहे होय. मुबारक असो. काय अडलंय?"

त्याला सगळं सांगितलं. तो जराही हसला नाही. पाळण्याची बाब होती. तो गाडीकडं गेला आणि दोन्ही हातांत मावेल असा एक कांदा घेऊन आला.

"कांदा?" मावशी म्हणाल्या. "पाळण्यात?"

"मावशी, याच्याइतकं नीट गुंडाळलेलं बाळ दाखवा मला. जन्मतःच बाळुत्यात आहे."

मावशींनी कांदा उलटसुलट केला, पापुद्रे चाचपले, आणि त्यांचा चेहरा निवळला. "स्वच्छ आहे. वजन आहे. दे इकडं." कांदा निजला, फिल्टर उठला.

आता जुना काढायचा. एर्गश गाडीखाली सरकला. जुना फिल्टर तिथं असा रुतून बसला होता, की जणू इंजिनाबरोबरच जन्मला असावा. हातानं हलेना. एर्गशनं कमरेचा पट्टा सोडला, डब्याला वेढा दिला आणि पिळला. डबा करकरला, सुटला, आणि काळं डांबरासारखं तेल त्याच्या बाहीत शिरलं.

"बघा! बघा हे, दाजी!" तो खालून ओरडला. "हे पीत होता तुमचा राजहंस!"

त्यानं जुना डबा बाहेर ढकलला. हमरोकूलनं तो दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याकडं बघत बसला. केवढा जड झाला होता. इतक्या वर्षांची धूळ यानं गिळली, तक्रार न करता. नेम म्हणतात तो हाच.

"नव्याच्या रबरी कड्याला ताज्या तेलाचं बोट लावायचं," एर्गश खालून शिकवत होता. "म्हणजे नीट चिकटतं आणि पुढच्या खेपेला सहज सुटतं."

"बाळाच्या ओठाला लोणी लावतात तसं," मावशी म्हणाल्या. त्या आता बॉनेटवर हात टेकून उभ्या होत्या आणि रोजचं काम करावं तशा विचारत होत्या, "कसं निजवलंयस? डोकं वर?"

"वर!"

"हत्यारानं आवळू नकोस."

"हातानंच आवळतोय. हात म्हणेल तेवढंच. दाजी, चालू करा!"

हमरोकूलनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि एर्गशच्या किंकाळीसरशी बंद झाली. नव्या फिल्टरच्या गळ्याभोवतून तेलाचं कारंजं उडालं होतं. एर्गश बाहेर आला तेव्हा फक्त डोळे पांढरे होते.

"फिल्टर फुटका असणार," तो म्हणाला, पण आवाजातला कारखान्याचा मालक कुठंतरी निघून गेला होता. सूर्य बर्फाच्या माथ्यावर आला होता. ओयदिननं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. 

तो जुना फिल्टर मांडीवर घेऊन दगडावर बसला. काय करावं सुचत नसलं की तो हातातली वस्तू न्याहाळायचा. न्याहाळता न्याहाळता म्हणाला, "एर्गश, नव्याच्या गळ्यात रबराचं कडं होतं ना? मग याच्या गळ्यातलं कुठं गेलं?"

एर्गश पुन्हा गाडीखाली गेला. खालून काही काळ फक्त नखं खरवडल्याचा आवाज आला. मग एक चपटं, काळं, वाळलेलं कडं बाहेर येऊन पडलं. जुनं कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसवला गेला होता. कड्यावर कडं. मग तेल थांबणार कसं?

"हे मी रोज लोकांना सांगतो," एर्गश क्षीणपणे म्हणाला.

"वाईट नको वाटून घेऊ," मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदा उलटंच निजवायचं असतं. रीतच आहे. मी बाळाचे पाय उशीकडं करते आणि विचारते, असं का? बायका ओरडतात, नाही, चुकलं! मग सरळ करायचं. चुकून घेतलं की दृष्ट जाते. विचार आता."

एर्गशला हसू आवरेना. त्यानं खालून हाक दिली, "असं का, मावशी?"

"नाही, चुकलं!" मावशी आणि ओयदिन एका सुरात म्हणाल्या. तुर्दी आणि मागं खोळंबलेल्या गाड्यांतले सगळेच लोक आता भोवती जमले होते. त्यांना ही रीत आईच्या दुधापासून ठाऊक.

"मग असं का?"

"असंच! असंच! मुबारक!" सगळा घाट ओरडला.

सांडलेल्या तेलाऐवजी तुर्दीनं आपल्या डब्यातलं ओतलं. किती, हे त्यानं बघितलं नाही. पाळण्याच्या गाडीला मापून देत नाहीत. किल्ली फिरली. किटली लागली, क्षणभर चमकली आणि विझली. टकटक नव्हती. इंजिन असं गुणगुणत होतं, की हमरोकूलला आपण गाडी पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं.

उतारावर मात्र दुपार गाठता आली नाही. खालच्या गावातली नमाजाची हाक त्यांनी घाटातच ऐकली.  मावशींनी तळवे उघडले. ओयदिन खिडकीतून बाहेर बघत राहिली.

झुमरादच्या गल्लीत वळले, तेव्हा डफ वाजत नव्हता. पुलावाच्या कढईभोवती बाप्ये गप्प उभे होते. आणि फाटकात होसियतबाई स्वतः उभ्या होत्या, ओढणी घसरलेली, डोळे तारवटलेले, काखेत बाळ. बाळ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं रडत होतं.

"आलात!" त्या कडाडल्या. हमरोकूलनं मान खाली घातली. "अहो, केव्हापासून वाट बघतेय मी! त्या शेजारणीच्या पाळण्यात घातलं, तसा जो ओरडतोय तो थांबतच नाही. सकाळपासून घरात कुणी घास गिळला नाही. उतरवा, उतरवा लवकर!"

एका हातानं विजार धरून एर्गशनं, आणि तुर्दीनं (जो पुलावाच्या वासानं मागोमाग आला होता) पाळणा खाली घेतला. अंगणात जागा करेपर्यंत तो बॉनेटवर टेकवला. इंजिन चालूच होतं. होसियतबाईंना दम कुठला? त्यांनी तिथंच पट्टे सोडले आणि कांदा बाहेर काढला.

"हे काय?"

"दृष्टीसाठी," सनोबर मावशी म्हणाल्या.

"बरं केलंत," असं म्हणून त्यांनी बाळाला गादीवर ठेवलं.

बाळानं एक हुंदका दिला. खालून ऊब येत होती. खालून एक बारीक, एकसारखी गुणगुण येत होती. बाळाच्या मुठी उघडल्या. पापण्या मिटल्या. गल्ली गप्प झाली.

झुमराद दारात उभी होती. तिनं वडलांकडं बघितलं आणि हसली. तशीच, जशी त्यानं कट्ट्यावर बसून बघितली होती. नाही, त्याहून जास्त. हमरोकूलनं आनंदानं किल्लीकडं हात नेला.

"बंद करू नका!" होसियतबाई खिडकीत वाकून कुजबुजल्या. "व्याही, तुमच्या पाया पडते, बंद करू नका!"

मग डफ वाजला नाही, कुणी मोठ्यानं बोललं नाही. आहेर अंगणात खुणांनीच दिले-घेतले गेले. बायका चवड्यांवर चालत होत्या. पुलावाची थाळी गाडीच्या खिडकीतून आत आली, जावा एकेक करून येऊन काचेतून पाया पडून गेल्या, आणि होसियतबाईंनी आपल्या नवऱ्याला पेट्रोलचा डबा आणायला पिटाळलं. मागच्या सीटवर सनोबर मावशी झोपल्या, ओयदिन झोपली, जर्दाळूखाली एर्गश झोपला, कढईशी टेकून तुर्दी झोपला. हळूहळू सगळं घर झोपलं.

फक्त हमरोकूल जागा होता. स्टीअरिंगवर तेलकट हात ठेवून, काचेपलीकडच्या निळ्या पाळण्याकडं बघत, आणि डोळ्याची पापणी मिटू नये म्हणून मधूनमधून स्वतःला चिमटा काढत.